पुडा फिरवून मागं बघा

कोल्हापुरात खाण्यावरनं कुणी उपदेश सुरू केला की पहिला नंबर मिसळीचा लागतो. कट, वरचं फरसाण, बाजूचा ब्रेड, सगळ्या आजारांचं मूळ म्हणे तिथंच. पण मिसळ माणूस आठवड्यातनं एकदा खातो, हौशी असेल तर दोनदा. त्याच माणसाच्या घरी रोज सकाळी चहाबरोबर खारी नाहीतर बेकरीचं बटर असतं, पोराच्या डब्यात क्रीमचं बिस्किट, संध्याकाळी क्लासवरनं आल्यावर नूडल्स, आणि फ्रीजच्या दारात सॉसची बाटली कायमची. यातलं काहीच 'जेवण' म्हणून कुणी मोजत नाही. बीपी आणि शुगर वाढवणारं बरंचसं खाणं या न मोजलेल्या खात्यावरच जमा होत असतं.

देशाचं चित्र आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडिअ‍ॅब पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे साधारण नऊ माणसांत एक. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के, म्हणजे तिघांत एकाहून जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळं आहे, असा अंदाज त्यात दिलाय.

आता 'प्रोसेस्ड फूड' म्हटलं की लोक नाक मुरडतात. प्रक्रिया म्हणजे विष, असं काही नाही. डेअरीतलं दूध ७२ अंशाला १५ सेकंद तापवून झटकन थंड करतात, ही प्रक्रियाच आहे, आणि तिनं क्षयाचे आणि ब्रुसेलोसिसचे जंतू मरतात. दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात घेऊन पिण्यात मजा आहे हे मान्य, पण जंतूंच्या हिशोबानं बघितलं तर उकळलेलंच दूध सरस. मिठात आयोडीन घालणं ही प्रक्रिया. दळणं, कुटणं, वाळवणं, आंबवणं, लोणच्यात मुरवणं, सगळ्या प्रक्रियाच.

ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाच्या कार्लोस मॉन्तेरो यांनी २००९ च्या सुमारास 'नोव्हा' नावाची वर्गवारी मांडली. तिच्यात चार गट आहेत: भाजी-धान्य-दूध-मांस यांसारखे जवळजवळ जसेच्या तसे पदार्थ, तेल, मीठ, साखर, गूळ असे स्वयंपाकाला लागणारे पदार्थ, या दोन्हींतून केलेले साधे टिकाऊ पदार्थ, म्हणजे लोणचं, चीज, साधा ब्रेड, आणि चौथा अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे अल्ट्रा-प्रोसेस्ड. चौथ्या गटाची खूण सोपी आहे. घटकांच्या यादीत अशा गोष्टी येतात ज्या तुमच्या फडताळात कधीच नसतात: माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारं द्रव्य), चव वाढवणारी द्रव्यं, हायड्रोजनेटेड तेल, कृत्रिम वास आणि रंग.

ही वर्गवारी परिपूर्ण नाही. इमल्सिफायर घातलेला गव्हाचा ब्रेड आणि कोला एकाच टोपलीत पडतात, ते काही पटत नाही. शिवाय या विषयावरचे बरेचसे अभ्यास लोक काय खातात आणि पुढं त्यांना काय होतं एवढंच बघतात. त्यातनं संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला २०१९ चा प्रयोग वेगळा होता. २० माणसं दवाखान्यातच मुक्कामाला ठेवली. प्रत्येकाला दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण आणि दोन आठवडे साधं जेवण. समोर वाढलेल्या ताटांतली ऊर्जा, साखर, मीठ, चरबी, तंतू दोन्हीकडं जुळवून ठेवलेले, आणि हवं तेवढं खायची मुभा. पहिल्या प्रकारात माणसं रोज साधारण ५०० किलोकॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोनं वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. कारणांपैकी एक आपल्याला रोज दिसतं: हे खाणं मऊ असतं, चावावं लागत नाही, भराभर पोटात जातं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचेपर्यंत पुडा संपलेला असतो. ज्वारीची भाकरी त्या वेगानं खाऊन दाखवावी कुणीतरी.

म्हणून नाव वाचून निवड करण्यापेक्षा पुडा फिरवून मागं बघणं जास्त कामाचं.

मागच्या बाजूला काय बघायचं

आधी घटकांची यादी. कायद्यानं ती वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते. जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर, पामतेल असेल तर पुढच्या बाजूला शेतातल्या गव्हाच्या लोंबीचं कितीही सुंदर चित्र असू दे, आत मैदा, साखर आणि पामतेलच आहे. पुढं एखाद्या घटकाचा गवगवा केला असेल (नाचणी, ओट्स, बदाम, मध), तर त्याची टक्केवारी यादीत द्यावी लागते. 'मल्टिग्रेन' बिस्किटात नाचणी २ टक्के निघाली की त्या शब्दाची किंमत कळते. ब्रेडचंही तसंच. तपकिरी रंग म्हणजे गव्हाचं पीठ नव्हे, तो कॅरॅमलनंही येतो, यादीत १५० हा आकडा दिसतो तो तोच. 'गव्हाचं पीठ' याच्यापुढं कंसात किती टक्के लिहिलंय ते वाचायचं.

साखरेचा खेळ इथंच चालतो. साखर एकाच नावानं घातली तर ती यादीत वर येते आणि डोळ्यांत खुपते. म्हणून ती तीन-चार नावांनी विभागली जाते: साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्ट एक्सट्रॅक्ट, फळांचा कॉन्सन्ट्रेट. प्रत्येक नाव खाली सरकतं, बेरीज तेवढीच राहते. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला गोड नसतं, पण रक्तात साखरेसारखंच झपाट्यानं चढतं, त्यामुळं मधुमेह्यानं तेही याच रांगेत धरावं.

त्यानंतर पोषणाचा तक्ता. त्यात १०० ग्रॅममागचे आकडे आणि एका 'सर्व्ह'मागं (कंपनीनं धरलेला एका वेळचा वाटा) रोजच्या गरजेचे किती टक्के, हे दोन्ही असतं. हे टक्के कशावरून काढलेत ते डोक्यात ठेवा: २,००० किलोकॅलरी, एकूण चरबी ६७ ग्रॅम, संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २,००० मिलिग्रॅम. गोम 'सर्व्ह'मध्ये आहे. बिस्किटांची सर्व्ह दोन-तीन बिस्किटांची धरलेली असते. चहात बुडवून दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस कोल्हापुरात सापडला तर कळवा. म्हणून सर्व्हचा रकाना सोडून द्या, १०० ग्रॅमचा रकाना वाचा आणि आपण खरंच किती खातो त्यानं गुणा.

एक ढोबळ मोजपट्टी हाताशी असावी. ब्रिटनमध्ये पुड्यावर लाल-पिवळा-हिरवा रंग देताना १०० ग्रॅममागं साखर २२.५ ग्रॅमच्या वर, संपृक्त चरबी ५ ग्रॅमच्या वर किंवा मीठ १.५ ग्रॅमच्या वर (म्हणजे सोडियम ६०० मिलिग्रॅम) असलं की लाल रंग लागतो. कोल्हापुरातल्या किराणा दुकानात उभं राहून हे तीन आकडे लावून बघा. बिस्किटांच्या अख्ख्या फळीवर लाल न लागणारा पुडा शोधायला वेळ लागेल.

सोडियमचं मीठ करायचं असेल तर २.५ नं गुणायचं. नूडल्सच्या एका पुड्यात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल (बऱ्याच पुड्यांत त्याच्या आसपास असतं), तर ते झालं २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. म्हणजे संध्याकाळच्या नाष्ट्यातच पाच आण्यांपैकी दोन आणे खर्च झाले, आणि हा हिशोब मोठ्या माणसाचा आहे, आठ वर्षांच्या पोराचा नव्हे. यावर घरगुती उतारा आहे: मसाल्याची पुडी अर्धीच घाला, कारण बरंचसं मीठ तिच्यातच असतं. नूडल्सच्या वडीतही थोडं असतं, म्हणून वरून चिमूट घालू नका. मूठभर मटार-गाजर आणि एक अंडं फोडून घातलं की तेच खाणं बऱ्यापैकी जेवण होतं. सकाळी सातची शाळा आणि दोघंही कामाला, अशा घरात 'पुडे बंदच करा' म्हणणं सोपं आहे. अर्धी पुडी कमी करणं जमण्यासारखं आहे.

सोडियमचा आकडाच का बघायचा, यादीतलं 'मीठ' का नाही? कारण सोडियम मिठाशिवाय इतर वाटांनीही येतं आणि ते खारट लागतंच असं नाही. खायचा सोडा (५००), चव वाढवणारं एमएसजी (६२१), टिकाऊपणासाठीचं सोडियम बेंझोएट (२११), या सगळ्यांत सोडियम आहे. चहाच्या एका चमच्याएवढ्या खायच्या सोड्यात १,२०० मिलिग्रॅमहून जास्त. पापडखाराचंही तेच. नानकटाई गोड म्हणून खातो, तिच्यातही सोडा असतो. एमएसजीला मात्र लोक उगाच घाबरतात. नेहमीच्या प्रमाणात त्यानं विषबाधा वगैरे काही होत नाही. त्याचं खरं काम साध्या पिठाला चटकदार करून जास्त खायला लावणं, हे आहे.

आता मिसळीचा ब्रेड. ब्रेड खारट लागत नाही, पण बेकरीत किलोभर मैद्याला साधारण १५ ते २० ग्रॅम मीठ जातं. ते चवीपुरतं नसतं: मीठ घातलं की कणकेतलं ग्लुटेन घट्ट होतं आणि यीस्टचा वेग आवरतो, कमी पडलं तर लादी फुगून बसते. १०० ग्रॅम ब्रेडमध्ये त्यामुळं १ ग्रॅमच्या वर मीठ असतं. आपल्याकडच्या जाड स्लाइस चार खाल्ल्या तर दीड ग्रॅम मीठ ब्रेडमधनंच गेलं. कटातलं आणि फरसाणातलं वेगळं. ब्रेडबद्दल आणखी एक: पूर्वी मैद्याला चांगली उभारी यावी म्हणून पोटॅशियम ब्रोमेट वापरायचे. कर्करोगाच्या शंकेमुळं २०१६ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, ते काढून टाकलं. यादीत ९२४ हा आकडा दिसला तर तो पुडा दुकानदाराला परत द्या.

थंड पेयांचा हिशोब छोटा आहे. कोलात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत पाच चमचे. आंब्याच्या तयार पेयात फळ किमान १० टक्के असलं की नियम पाळला गेला. बाकी पाणी आणि साखर. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींना ई-कॉमर्सवर 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, असं एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयनं आणि केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानंही सांगितलं, कारण आपल्या अन्नकायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. डब्यावरचा साखरेचा आकडा वाचा, मग पोराच्या कपात दोन चमचे घालायची की अर्धा ते ठरवा.

गूळ आपला, पण साखरच

हे इथं लिहिणं जरा धाडसाचं आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शाहूपुरीची पेठच गुळावर उभी राहिली. तरी शरीराच्या हिशोबानं गुळात नऊ दशांशाच्या आसपास साखरच आहे. लोह आणि खनिजं थोडी असतात, पण ती पुरेशी मिळतील एवढा गूळ खायचा म्हटला तर साखर आधी डोक्यावरनं जाईल. 'गुळाची बिस्किटं' मधुमेह्यानं मोकळेपणानं खायची नसतात. डब्यावर 'साखर नाही' आणि यादीत दुसऱ्या नंबरला गूळ, ही चलाखी ओळखायला हवी.

गूळ घेताना रंगाला भुलू नका. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना भेंडीच्या रसानं मळी वर आणून काढतात, चुन्यानं आंबटपणा मारतात. पिवळाधमक, जवळजवळ पांढरट रंग हवा असेल तर हायड्रॉस टाकलं जातं, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्यातनं गंधकाचा अंश गुळात राहतो. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटनं त्रास होतो. हा उजळपणा टिकतही नाही, ठेवणीत असा गूळ काळवंडत जातो. पेठेत मात्र भाव उजळ ढेपेलाच चढा मिळतो, त्यामुळं गुऱ्हाळवाल्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. गिऱ्हाईकानं तांबूस-तपकिरी ढेप मागितली तर ती बनेल.

खारी, बटर, टोस्ट

पुड्यावर निदान मागची बाजू तरी असते. बेकरीच्या काचेच्या बरणीतल्या मालाला ती नसते. खारीला पदर सुटायचे तर मैद्याच्या थरांमध्ये घट्ट राहणारं स्निग्ध लागतं. पातळ तेल मैद्यात मुरून जातं आणि पदर चिकटतात. लोणी महाग, म्हणून वनस्पती तूप नाहीतर बेकरीचं मार्गारिन. तेल अर्धवट हायड्रोजनेट करून घट्ट केलं की ट्रान्स फॅट तयार होतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं, असं दोन्हीकडनं नुकसान. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के मर्यादा आली. ही मोठी गोष्ट झाली. पण घट्टपणा कुठनं तरी आणावाच लागतो, तो आता बहुतेक पामतेलातनं येतो, आणि पामतेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त चरबी असते. म्हणजे सापाऐवजी विंचू. कमी विषारी, एवढंच. 'ट्रान्स फॅट ०' वाचून समाधान मानायचं नाही, त्याच्या वरची संपृक्त चरबीची ओळ वाचायची.

सुट्या मालाची घरच्या घरी एक परीक्षा आहे. खारीचा तुकडा चहात न बुडवता कोरडा खा आणि पाणी न पिता जीभ टाळूवर फिरवा. मेणचट थर जाणवला तर त्यातलं स्निग्ध शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशाला, पुरतं वितळत नाही. ते संपृक्त किंवा हायड्रोजनेटेड आहे. लोण्याची खारी तोंडात विरघळते. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण दोन बेकऱ्यांतला फरक कळायला पुरते. बेकरीवाला ओळखीचा असेल तर 'फॅट कुठलं वापरता, खोकं दाखवा' असं सरळ विचारावं. खोक्यावर सगळं छापलेलं असतं.

बटर आणि टोस्ट आठवड्यातनं दोनदा आणि रोज दोन वेळा, यात फरक आहे. चहाबरोबर काहीतरी लागतंच अशी सवय असेल तर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे नाहीतर साधे चुरमुरे ठेवून बघा.

भडंग घरीच

चुरमुऱ्यांवरनं आठवलं. तयार भडंगाच्या पुड्यावर सोडियम आणि तेल दोन्ही वाचून घ्या, आणि मग घरी करा. पाव किलो भडंगाच्या चुरमुऱ्यांना ४ टेबलस्पून शेंगतेल, १२५ ग्रॅम शेंगदाणे, लसणाच्या १५-२० पाकळ्या सालीसकट ठेचून, दोन काड्या कढीपत्ता, अर्धा चमचा हळद, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा मेतकूट, आणि साखर हवीच असेल तर एक चमचा पिठीसाखर. मीठ शेवटी, आणि चाखून. चुरमुऱ्याचा तांदूळ फोडण्याआधी मिठाच्या पाण्यात मुरवलेला असतो, त्यामुळं चुरमुरा मुळातच खारट असतो. सवयीनं चमचाभर मीठ घालून बसलं की भडंग खारट होतं आणि मग ते झाकायला साखर वाढते. बहुतेक वेळा अर्धा चमचा पुरतो, कधी तोही लागत नाही.

आधी चुरमुरे कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं गरम करा, बोटांत चुरचुरले पाहिजेत. मऊ पडलेल्या चुरमुऱ्यावर फोडणी घातली तर तेल वरच राहतं आणि भडंग चामट होतं. मग लोक आणखी तेल घालतात. तेलात शेंगदाणे आधी तळा, ते काढून लसूण कडेनं तांबूस होईपर्यंत परता. लसूण ओला राहिला तर दोन दिवसांत वास येतो, जळला तर सगळं कडू. कढीपत्ता टाका, गॅस बंद करा, अर्धं मिनिट थांबा, मगच हळद-तिखट घाला. धूर निघणाऱ्या तेलात तिखट काळं पडतं. चुरमुरे, शेंगदाणे, मेतकूट एकत्र करून हलक्या हातानं चोळा. पुरतं गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरली की संपलं. असं भडंग पंधरा दिवस राहतं, शेंगदाण्यांमुळं पोटालाही आधार देतं. तरी तेल ६० मिलिलिटर गेलंय हे लक्षात असू दे. वाटीभर खायचं, ताटभर नाही.

तळणीच्या तेलाबद्दल दोन वाक्यं. पदार्थातलं पाणी, हवा आणि उष्णता यांनी तेल तुटत जातं. फेस वाढतो, धूर लवकर निघतो, कढईच्या कडेला चिकट थर धरतो. एफएसएसएआयनं तळणीच्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड्स'ची (तेल तुटून तयार होणाऱ्या द्रव्यांची) मर्यादा २५ टक्के घातली आहे. घरी मोजता येत नाही, म्हणून या तीन खुणांवर जा, आणि जुन्या तेलात नवं ओतून ते 'ताजं' करू नका; खराब अंश तसाच राहून नव्यालाही बिघडवतो.

घरच्या खात्यावरही मीठ आहे. वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटताना टिकावी म्हणून खडे मीठ भरपूर जातं. समजा सगळी चटणी ३ किलो उतरली आणि मीठ ३०० ग्रॅम पडलं. म्हणजे १० टक्के. भाजीत १० ग्रॅमचा चमचा टाकला की १ ग्रॅम मीठ गेलंच. चटणीची भाजी करताना मीठ आधी घालायचं नाही, चव बघून घालायचं. जेवताना ताटात मीठ वाढायची पद्धत बंद करणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

बीपी असलेल्यांसाठी कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनच्या खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत (२०२१) ७५ टक्के साधं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण वापरल्यावर पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. मात्र किडनीचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मटणाबद्दल लोक हमखास विचारतात. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे ठरलेल्या गोष्टींत, टाकलं: रोज ५० ग्रॅममागं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. यात सॉसेज, सलामी, हॅम, बेकन येतं. खाटकाकडनं आणलेलं ताजं मटण त्या गटात नाही, ते एक पायरी खालच्या 'बहुधा' या गटात आहे. तांबडा-पांढरा रस्सा रविवारी प्यायला हरकत नाही; फ्रीझरमधली तयार सॉसेजची पाकिटं पोरांच्या रोजच्या डब्याला नकोत.

शाळेचं गेट

शाळांसाठी २०२० चा नियम आहे. चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. मे २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कुठल्या पेयात किती साखर ते पोरांना दिसावं म्हणून. पालकसभेत हे दोन मुद्दे नाव घेऊन मांडता येतात. कँटीनची यादी मागा. गेटवरच्या गाडीवाल्याच्या पोटावर पाय देण्यापेक्षा त्यानं चणे, उकडलेलं कणीस, काकडी, पेरू ठेवावेत असं शाळेनंच सुचवलेलं बरं. विकलं जाईल ते तो ठेवतोच.

पुढच्या बाजूला ठळक इशारा असावा, ही मागणी जुनी आहे. चिलीनं २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी, ऊर्जा जास्त असलेल्या पुड्यांवर काळे अष्टकोन छापायला लावले. आपल्याकडं एफएसएसएआयनं २०२२ मध्ये पुड्याला पोषणाच्या गुणांवरनं तारे द्यायचा मसुदा आणला. ताऱ्यांची अडचण अशी की थोडे तंतू, थोडे दाणे घातले की साखरेचे वजा गुण भरून निघतात आणि गोड पुड्यालाही बरे तारे मिळू शकतात. काळा शिक्का वाचायला अक्षरओळखही लागत नाही, म्हणून तोच हवा.

काही पाकिटांवर मागंही काही सापडत नाही. पाकिटाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता त्यावर छापायची सक्ती नाही, तो मोठ्या खोक्यावर असला की झालं. पोरांच्या हातात पडणाऱ्या गोळ्या-चॉकलेटच्या बारक्या कागदांचं हेच. दुकानदाराला खोकं दाखवायला सांगा.

१४ आकडी एफएसएसएआय नंबर मात्र बघाच. तो १ नं सुरू झाला तर परवाना, २ नं सुरू झाला तर छोट्या उत्पादकाची नोंदणी. राज्याचा परवाना असेल तर पुढचे दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र १५. नंबर नाही, तारीख खोडलेली, किंवा आतल्या मालाला वास असेल तर पुडा टाकून देऊ नका. उरलेल्या मालासकट तो बंद पिशवीत ठेवा, बिल जपा, बॅच नंबर आणि तारखेचा फोटो काढा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर नाहीतर एफएसएसएआयच्या १८००-११२-१०० वर तक्रार द्या. बॅच नंबर नसेल तर कुठल्या दिवशीचा माल ते शोधता येत नाही आणि तक्रार तिथंच अडते, म्हणून फोटो आधी काढायचा, पुडा मग फोडायचा.